चूळ भरण्यापुरतं

दवाखान्याची मागची खिडकी भातखाचरांवर उघडते. वर्षभर ती बंद असते, कारण धूळ. पण भाद्रपदात पाऊस ओसरला आणि इंद्रायणी भात निसवायला, लोंब्या बाहेर टाकायला लागला, की आमची मदतनीस कुंदा सकाळी आल्या आल्या ती सताड उघडते आणि तो वास आत येतो. शिजलेल्या भाताचा नव्हे, त्याच्या कितीतरी आधीचा. हिरवा, थोडा दुधाळ, थोडा चिखलाचा. लवंगेच्या तेलाला आणि स्पिरिटला तो चार-आठ दिवस मागे सारतो. परवा तो आला तेव्हा मी ट्रेमध्ये हत्यारं मांडत होते. हात थांबला आणि मनाने आपसूक नोंद केली, वास येतोय, म्हणजे ठीक आहे.

ही सवय करोनाच्या वर्षीची. तेव्हा सकाळी उठून पहिलं काम तेच असे. हिंगाची डबी उघडायची, नाकाशी धरायची, बंद करायची, मग चहा. घरात मी एकटीच. वास येतोय हे सांगायला कुणी नव्हतं, आणि नसता आला तर तेही सांगायला कुणी नव्हतं. भात निसवला तसं हिंगाचं काम संपलं. खिडकीशी उभं राहिलं की पुरे. कामशेतात इतकी वर्षं काढली, पण हा वास मी तोवर कधी असा मोजूनमापून, औषधासारखा घेतला नव्हता.

मी दातांची डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर, मधे जिना. ‘हिनं लग्न केलं नाही, दवाखाना केला,’ असं आई लोकांना सांगायची. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. मला कामं लिहून काढायला आवडतं. आधी काय, मग काय, कशाला थांबता येईल आणि कशाला नाही, हे कागदावर उतरलं की निम्मं काम झालं असं मला वाटतं. आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

आमच्या धंद्यात एक गंमत आहे. दिवसभर माणसांशी बोलायचं, पण ज्यांच्याशी बोलायचं त्यांचं तोंड आपणच उघडं धरून ठेवलेलं. “लावणी उरकली का?” “ऑ.” “मुलगी आली का माहेरी?” “ऑऑ.” हो की नाही ते भुवयांवरून ओळखायचं. कुणी उलट बोलत नाही, मधेच तोडत नाही. असं बोलायची इतकी सवय होते की लग्नकार्यात समोरच्याने पूर्ण वाक्यात उत्तर दिलं तर मी क्षणभर दचकते.

मात्र मधे एक जागा असते. मी मशीन थांबवते, दिवा बाजूला करते आणि म्हणते, “चूळ भरा.” पेशंट उठून बसतो, डाव्या हाताच्या छोट्या बेसिनकडे वाकतो, चूळ भरतो, ओठ पुसतो. आणि मग, पुन्हा आडवं होण्याआधी, बोलतो. मघापासून तोंडात अडकून राहिलेलं सगळं तेवढ्या वेळात बाहेर येतं. कुणाच्या जमिनीची मोजणी अडली, कुणाच्या पोराला चाकणला नोकरी लागली, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, सगळं मला चूळ भरण्यापुरत्या वेळात कळलेलं आहे. काही माणसं दोनदा चूळ भरतात. दुसरी चूळ दातासाठी नसते, हे मला फार उशिरा ध्यानात आलं.

पाडव्याच्या तोंडावर सगळं बंद झालं. आम्ही दातवाले तर विशेष बंद, कारण आमचं मशीन पाण्याचा बारीक फवारा उडवतं, आणि तो उडतो माणसाच्या तोंडातून. दवाखान्याचं शटर ओढलं आणि वर गेले. जुन्या हायवेवरचा आवाज थांबला. लोणावळ्याला येणारे पाहुणे थांबले, त्यामुळे रविवारी संध्याकाळी चिक्कीने दात तुटून रडवेली होऊन येणारी मंडळीही थांबली. कुंदा उर्शाची, तिच्या गावाने वेशीवर ड्रम आणि बाभळीच्या फांद्या लावून रस्ता बंद केला होता. ती फोन करायची, “मॅडम, आमच्या गावात बाहेरचं कुत्रंपण सोडत नाहीत.” दूधवाला पिशवी जिन्याच्या कठड्याला अडकवून खालूनच हाक मारायचा आणि मी खिडकीशी येईपर्यंत निघून गेलेला असायचा.

मला वाटलं होतं, मी एकटी राहणारी बाई, मला काय फरक पडणार. आठवडाभरात कळलं की मी एकटी राहत नव्हते. मी फक्त एकटी झोपत होते. दिवसभर माझे हात कुणाच्या ना कुणाच्या हनुवटीला, गालाला, कपाळाला लागलेले असत. ते थांबल्यावर हातांना काय करावं कळेना. मी डबे घासले, हत्यारांना धार लावली, तीच हत्यारं पुन्हा उकळली.

फोन मात्र चालू ठेवला होता. येईल त्याला चार प्रश्न. दुखतंय का, सूज आहे का, रक्त थांबत नाही का, ताप आहे का. यातलं काही असेल तर वाट काढायची. यातलं एकही नसेल तर थांबायचं. नियम चांगला होता. मी तो पाळला आणि आजही तसाच पाळीन.

हौसामावशींचा फोन त्या दिवसांतलाच. पवनानगरच्या पुढे, धरणाच्या पाण्याला लागून त्यांची वाडी. घरात त्या आणि आबा, दोघंच. त्या हिवाळ्यात मी त्यांचे उरलेसुरले हलते दात काढले होते, कवळीची मापं घेतली होती, मेणात दात लावून बघितले होते, आणि पाडव्याच्या आधी कवळी बसवायची असं ठरलं होतं. पुण्याची लॅब बंद पडली, कारागीर गावी गेले आणि मावशी बिनदातांच्या राहिल्या. फोनवर त्यांचा आवाज ओळखू आला, शब्द कळेनात. शाळेत बाराखडी शिकवताना बाई सांगायच्या, जीभ दाताला टेकते ती दंत्य अक्षरं. त, थ, द, ध, न. मावशींची ती अक्षरं गेली होती. उरलेली ओली होऊन येत होती. मी चार प्रश्न विचारले. चारही वेळा “न्हाई” ऐकू आलं, म्हणजे त्यातला ‘आई’ ऐकू आला.

“मग थोडं थांबू या मावशी. मऊ भात खा, आमटी प्या.”

पलीकडे त्या बराच वेळ काही सांगत होत्या. मला एक अक्षर लागलं नाही. कुंदाला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “मॅडम, आता सगळ्यांच्या तोंडावर मास्क. मावशींना दात असले काय न् नसले काय, बघतंय कोण?” मी हसले. त्या दिवसांत हसायला फारसं काही मिळत नसे.

बघणारा एक माणूस होता. ते कळलं श्रावणात.

दुपारी फोन वाजला. मी “हॅलो” म्हणायच्या आत पलीकडून ओरडल्यासारखा आवाज आला.

“डाक्टरीनबाई, मी बबन बोलतोय. हौसाचा मालक. मला ऐकू येत न्हाई, तवा तुमी बोलू नका. नुसतं ऐका.”

आबांची उमर खडी मशीनवर गेली. दगड फोडणाऱ्या त्या धडधडाटात कान गेले ते गेलेच. दवाखान्यात ते मावशींबरोबर यायचे तेव्हा बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसायचे आणि मावशींच्या तोंडाकडे बघत राहायचे. मला ते म्हातारपणीचं कौतुक वाटायचं.

“हिच्या तोंडाकडं बघून मला समजायचं,” आबा सांगत होते. “आवाज काढायची बी गरज नव्हती. चुलीपासनं नुसतं ओठ हलवायची, मला वट्यावर कळायचं. आता दात न्हाईत, तर ओठ आत गेल्यात. काय बोलती कायबी कळंना. हातवारं करती, मी भलतंच करतो. मीठ मागती, मी मोरी झाडतो. मग चिडती. मग बोलायचंच सोडलं तिनं.” पुढे म्हणाले, “घरात आमी दोघंच. म्हैस धरून तिघं. म्हशीचं कळतंय, हिचं कळंना. आता बघा काय ते. ठिवतो.”

आणि फोन ठेवला.

इतकी वर्षं मी बोलत होते आणि समोरच्याला उत्तर देता येत नव्हतं. पहिल्यांदा कुणीतरी माझं तोंड असं उघडं ठेवून, हवं ते बोलून, निघून गेलं होतं. परत फोन लावून उपयोग नव्हता. लावला असता तर आबांना घंटाही ऐकू आली नसती.

दवाखाना नेहमीच्या कामांसाठी उघडायचा की नाही, हा प्रश्न तेव्हा माझ्यापुढे होताच. ओळखीतले काही जण उघडून बसले होते, काही वर्ष संपेपर्यंत नको म्हणत होते. मी माझा कागद काढला. आधी तो दुखण्याच्या क्रमाने लावलेला होता. त्यात कवळी तळाला. मी तो खोडला आणि फवाऱ्याच्या क्रमाने पुन्हा लावला. ज्या कामात मशीन चालत नाही ते आधी. तसं केल्यावर कवळी आपोआप वर आली. यात दयामाया काही नव्हती, नुसता क्रम बदलला होता. पण क्रम बदलावा हे मला त्या फोननंतर सुचलं.

भाद्रपदात उघडायचं ठरवलं. बाकावरची मासिकं, पाण्याचा माठ, भिंतीवरचा मोठ्या दाताचा तक्ता, सगळं काढलं. खिडक्या दोन्ही बाजूंनी उघड्या. एका वेळी आत एकच माणूस, सोबतीचा बाहेर. आणि खुर्चीजवळचं बेसिन बंद. चूळ भरायची नाही. लाळ ओढणारी नळी आहे तेवढीच. तोवर उर्शाचे ड्रम हटले होते, कुंदा परत आली होती. तिने बेसिनवर प्लास्टिक ताणलं, कडेने जाड चिकटपट्टी गुंडाळली आणि लांबून बघितलं.

“मॅडम, हे बांधलं. आता लोकं थुंकणार कुठं?”

“थुंकायचं नाही.”

“आणि बोलणार कधी?”

“बोलायचंही नाही.”

“मग आपल्याला बातम्या कळणार कशा?” ती म्हणाली आणि नळी पुसायला लागली.

चिकटपट्टीची ती काळसर खूण बेसिनच्या कडेला आजही आहे. किती वेळा घासली, जात नाही. रोज नजरेला पडते.

ते दिवस आठवतात ते घामाचे. अंगभर पांढरा किट, दोन मास्क, तोंडापुढे प्लास्टिकची काच, त्यावर माझ्याच श्वासाची वाफ. पेशंट आत यायचे, खुर्चीत आडवे व्हायचे, तोंड उघडायचे. काम संपलं की मास्क चढवून निघून जायचे. मधे कुणी उठून बसत नव्हतं. लावणी झाली की नाही, मुलगी आली की नाही, मीही विचारत नव्हते. किटच्या आतून बोललेलं मला स्वतःलाच नीट ऐकू यायचं नाही. लोकांना वाटायचं, दवाखाना उघडला. शटर उघडलं होतं हे खरं.

हौसामावशी आल्या तेव्हा भात निसवला होता. पुतण्याच्या जीपमधून दोघं आली. आबांना बाहेर, काचेच्या दारापलीकडे पत्र्याखाली बसवलं. मावशी आत आल्या, माझ्याकडे बघून थबकल्या. त्या पांढऱ्या वेषात मी असेन असं त्यांना वाटेना. मी “या मावशी” म्हटलं, आवाज ओळखला, मगच खुर्चीत बसल्या. हिरड्या आक्रसून बसल्या होत्या, म्हणजे आधीची मापं वाया. पुन्हा माप घेतलं. त्यांना उमासा आला आणि त्या सवयीने डावीकडे वाकल्या. समोर ताणलेलं प्लास्टिक. वाकलेल्या तशाच त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कुंदाने कागदी रुमाल पुढे केला.

लॅबने कवळी वेळेत पाठवली. पुढच्या खेपेला ती बसवली. वरची, मग खालची. दोन ठिकाणी टोचत होती, ती हाताने घासली. कवळी नीट बसली की नाही हे बघायला मी पेशंटला काही शब्द म्हणायला लावते.

“म्हणा मावशी. दही, दूध, तूप, तांदूळ.”

मावशींनी जीभ आत फिरवली, दात एकमेकांवर आपटून बघितले.

“दही, दूध, तूप, तांदूळ,” त्या म्हणाल्या. ‘द’ जरा अडखळला, पण आला. “बाजाराला धाडताय व्हय मला?”

कुंदा मास्कच्या आत खुदकन हसली. मी आरसा पुढे केला. मावशींनी त्यात एकदा बघितलं, परत दिला आणि मला न विचारता खुर्चीतून उतरल्या. दाराकडे चालायला लागल्या, तोंड उघडंच.

“मावशी, मास्क,” मी म्हटलं, आणि उचललेला मास्क परत ट्रेमध्ये ठेवला.

काचेच्या त्या दारामुळे लोकांची फार पंचाईत झाली होती. आतलं बाहेर कळायचं नाही, बाहेरचं आत. सगळे ओरडायचे, खाणाखुणा करायचे, वैतागायचे. आबांना काचेने काहीच फरक पडत नव्हता. मावशी काचेशी उभ्या राहिल्या आणि त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. मी दोन हातांवर होते, मला काही ऐकू आलं नाही. आबा उठून काचेजवळ आले.

“व्हय,” आबा ओरडले. “पाजलं. म्हशीला दोनदा पाजलं पानी.”

मावशींचे ओठ हलले.

“न्हाई, शेजारची राधा बघती म्हनली तवर.”

पुन्हा ओठ हलले, भराभर.

“हळू बोल की जरा. पळून चाललोय का मी.”

समोरचा मेडिकलवाला बाहेर येऊन बघायला लागला. आबांचं अर्धं बोलणं सगळ्या आळीने ऐकलं. मावशींचं अर्धं आबांशिवाय कुणीच नाही. मग मावशी आणखी काहीतरी म्हणाल्या, अगदी थोडं, दोन शब्द असावेत. आबा उत्तर द्यायचे थांबले. त्यांनी टोपी काढली, तिनेच तोंड पुसलं, परत घातली आणि साध्या आवाजात काही बोलले, ते मात्र काचेतून आत आलं नाही. जीप गेली. मी किट उतरवला, मागच्या खिडकीशी गेले, मास्क काढला आणि वास घेतला. वास होता. पण हे आता कुणाला तरी सांगावं, असं त्या दिवशी फार वाटलं.

आबा मागच्या थंडीत गेले. झोपेतच. कवळी मावशींना उत्तम बसली आहे, सगळी अक्षरं जागच्या जागी आहेत आणि ओठ वाचणारा माणूस नाही. त्या मधूनमधून येतात. “सैल झालीया” म्हणतात, “टोचतीया” म्हणतात. मी बघते. सैल नसते, टोचत नसते. मी काढून, पुसून, चकचकीत करून पुन्हा बसवते आणि म्हणते, “चूळ भरा मावशी.” त्या चूळ भरतात, ओठ पुसतात, बोलतात. बोलणं संपत आलं असं वाटलं की मी पुन्हा म्हणते, “अजून एकदा भरा.” कुंदा पेला भरून ठेवते. बाहेर पेशंट असले तर तीच त्यांना सांगते, आत मोठं काम चाललंय.

परवा, तो वास आला त्याच दिवशी, मावशी आल्या होत्या. दुपारची बंद करायची वेळ होत आली होती. दोन चुळा झाल्यावर मी विचारलं, “मावशी, त्या दिवशी काचेतून आबांना काय म्हणालात? ते एकदम गप्प झाले होते.”

“कवा?”

“कवळी बसवली त्या दिवशी.”

मावशींनी तिसरी चूळ भरली. पदराने तोंड टिपलं. बेसिनच्या कडेवरच्या त्या काळ्या खुणेवरून बोट फिरवलं.

“काय न्हाई. जेवला का, म्हनलं.”

मी पेला पुन्हा भरून ठेवला. आमच्या धंद्यात थांबता येतं.

“घरात दोघंच. वाढायची मीच, खायाचं समोरासमोर बसून. त्यात इचारायचं काय? पन इचारतोच की मानूस. पाडव्यापासनं त्यांना ते इचारलंच नव्हतं. इचारलं तरी त्यांना वाटायचं, म्हशीचं काय सांगती.” मग त्या खुर्चीतून उतरल्या, पिशवी घेतली. “आता म्हैस बी इकली. उगं बसून ऱ्हाती मी.”

कुंदा डबा घेऊन मागे गेली होती. मावशी दाराबाहेर पडल्या, दार आपोआप मिटलं. पत्र्याखाली, आबा बसायचे त्या जागी, त्या पिशवी खांद्यावर घेत थांबल्या आणि वळून काचेतून माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. आवाज नाही.

मला ओठ वाचता येत नाहीत. तेवढे दोन शब्द आले.

“अजून नाही,” मीही आवाज न काढता म्हटलं.

मावशींना ते कळलं. त्यांनी बोट वर केलं, जिन्याकडे, आणि कळलं की नाही हे बघत उभ्या राहिल्या. मी मान हलवली तेव्हाच त्या जीपच्या थांब्याकडे चालायला लागल्या. मी दिवा बंद केला, वर गेले आणि वाटीभर तांदूळ धुवायला घेतले.